पट्टा लावणारीचा सत्कार

माझ्या मुलीचा उजवा पाय घोट्यापासून गेला, त्याचा अहवाल सव्वा पानाचा होता. शेवटची ओळ होती, 'निर्णय यशस्वी.'

सांगलीच्या दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून मी तो तीनदा वाचला. पहिल्यांदा वाटलं, डॉक्टरांच्या शस्त्रक्रियेबद्दल लिहिलंय. दुसऱ्यांदा कळलं की नाही, हे अपघाताबद्दलच आहे. तिसऱ्यांदा मी तो इतक्या मोठ्याने वाचला की शेजारच्या बाईने मला पाणी आणून दिलं. तिला वाटलं मी घाबरलेय. मी संतापले होते, आणि तो संताप आजही उतरलेला नाही. उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

मी पद्मजा मगदूम. जयसिंगपुरात तेहतीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवते. आधी नवऱ्याबरोबर, तो गेल्यापासून एकटीने. साडेसहा हजारांवर माणसं माझ्या हाताखालून गाडी शिकून गेली, आणि त्यातल्या प्रत्येकाला मी स्टिअरिंगला हात लावू देण्याआधी पट्टा लावायला शिकवलंय. किती सबबी ऐकल्यात म्हणून सांगू. साडी चुरगळते, पोट आवळतं, उकडतं, इथंच तर जायचंय. एक तंबाखूचे व्यापारी होते, ते म्हणायचे, "मॅडम, माझा जीव, माझी मर्जी. सरकारचा काय संबंध?" मी म्हटलं, "जीव तुमचाच. पण तो काचेतून बाहेर पडल्यावर गोळा करायला चार माणसं लागतात, ती कुणाची?" त्यानंतर ते मुकाट्याने पट्टा लावायला लागले. पट्ट्याचा कायदा सक्तीचा असावा, असं मी आयुष्यभर ठासून सांगत आले. माणसाला मरायची मोकळीक देण्यात कसलं आलंय स्वातंत्र्य, असं माझं मत होतं.

मग 'तडजोड' आली.

सरकारी कागदावर तिचं नाव लांबलचक आहे, पण सगळे तिला तडजोडच म्हणतात. आता प्रत्येक नव्या गाडीत ती बसवलेली असते, जुन्या गाड्यांतही बसवून घ्यावी लागली. गाडी अजून माणूसच चालवतो, कारण आमच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या, म्हशी आणि मिरवणुका एकाच वेळी असतात आणि त्यात भल्याभल्या यंत्रांची मती गुंग होते. पण टक्कर आता टळणारच नाही अशी वेळ आली, की शेवटच्या सव्वा सेकंदात स्टिअरिंग आणि ब्रेक यंत्र आपल्या ताब्यात घेतं. समोरासमोरच्या दोन गाड्या रेडिओलहरींवरून एकमेकींशी बोलतात. तुझं वजन किती, वेग किती, पत्रा कुठे मऊ, कुठे कडक, कोण कुठे बसलंय. माणसाची पापणी लवेपर्यंत त्या दोघी टकरीचे हजारो प्रकार मनातल्या मनात करून बघतात आणि ज्यात एकूण हानी सगळ्यात कमी, तो प्रकार निवडतात.

यात पट्ट्याचा प्रश्न येतो. साठच्या वेगाने चाललेली गाडी एकदम थांबली, तर आतलं शरीर साठच्याच वेगाने पुढे जात राहतं. पट्टा असेल तर ते गाडीबरोबर, अर्ध्या-पाऊण मीटरात सावकाश थांबतं. पट्टा नसेल तर ते काचेवर, चार बोटांच्या अंतरात थांबतं. पाचव्या मजल्यावरून फरशीवर पडल्यासारखं. म्हणजे तोच धक्का पट्टा लावलेल्याला हाड मोडून सोडतो आणि न लावलेल्याला मारून टाकतो. यंत्राला हे पक्कं ठाऊक असतं. त्यांच्या भाषेत प्रत्येक माणसाची एक 'सहनमर्यादा' असते. पट्टा लावलेल्याची जास्त, न लावलेल्याची अगदी थोडी.

आता एवढं वाचल्यावर पुढचं तुमचं तुम्हालाच कळेल. मला तेव्हा कळलं नव्हतं. वर्षभरात अपघाती मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, तेव्हा मी स्वतः स्कूलच्या दारात पेढे वाटले होते.

माझी मुलगी त्रिशला सत्तावीस वर्षांची. मुलींच्या शाळेत खो-खोची प्रशिक्षक. फेब्रुवारीतल्या त्या सकाळी ती एकटीच सांगलीला निघाली होती. उदगावच्या फाट्यापुढे उसाच्या ट्रॉलीला मागे टाकायच्या नादात एक जीप सरळ तिच्या बाजूला घुसली. त्रिशलाच्या डावीकडे चांगली सहा फूट रुंद साइडपट्टी होती. तिने गाडी तिकडे वळवलीही होती. मीच शिकवलंय तिला ते. आणखी अर्ध्या सेकंदात ती सुटली असती आणि जीप पुढच्या मोरीच्या कठड्यावर आदळली असती.

यंत्राने तिच्या हातातलं स्टिअरिंग काढून घेतलं आणि तिला परत रस्त्यावर आणली.

जीपमध्ये चालक धरून पाच माणसं होती. मागच्या चौघांना पट्टे नव्हते. कठड्यावर आदळली असती तर त्यातली किमान दोन गेली असती. त्याऐवजी त्रिशलाची गाडी पुढे घालून तिचा उजवा कोपरा जीपला उशीसारखा दिला, तर पाचही वाचत होते आणि त्रिशलाला 'मध्यम इजा' होणार होती. अहवालात हे सगळं सरळ लिहिलंय. 'चालक, पट्टा लावलेला, सहनमर्यादा उच्च.' 'मागील प्रवासी, पट्टा नाही, सहनमर्यादा अत्यल्प.' 'टाळलेले मृत्यू, दोन.' 'निर्णय यशस्वी.'

चूक कुणाची होती, हा रकानाच त्यात नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. फरक इतकाच, की इथे संन्याशाला फाशीचा दोर त्याच्या आईनेच बांधायला शिकवला होता.

अहवालाला फोटो जोडलेले होते. जीपची मागची सीट बघताना माझी नजर अडकली. मरून रंगाचं रेक्झिन, त्यावर शंकरपाळ्यांच्या आकाराची शिलाई, बाजूला छोटं कापडी लेबल. लेबलवरचं नाव दिसत नव्हतं. पण ती शिलाई मी लहानपणापासून बघत आलेय. आमच्या वडिलांचा हात तो, आणि आता माझ्या धाकट्या भावाचा.

सुकुमारचं सीट कव्हरचं दुकान माझ्या स्कूलला लागूनच आहे. दवाखान्यातून मी थेट तिथे गेले. तो सुई ओवत होता.

"ही तुझी का रे?" मी फोटो पुढे धरला.

त्याने चष्मा वर केला. बराच वेळ बघितलं. मग हळूच म्हणाला, "व्हय. माझीच. दानोळीच्या खोतांची जीप."

"पट्ट्याची बक्कलं कुठं आहेत यातली?"

"खाली." त्याने मान वर केली नाही. "कव्हरच्या खाली. आक्का, सगळेच तसं करतात. गिऱ्हाईकच म्हणतं, बक्कल बोचतंय, झाकून टाक. सीट सपाट दिसाय पाहिजे. मागं कोण लावतंय पट्टा?"

खरं होतं ते. आमच्याकडे गाडी घेतली की पहिल्या आठवड्यात कव्हर घालतात, आणि कव्हर घालताना मागची बक्कलं पोटात घालून वरून टीप मारतात. नव्या गाडीची सीट सपाट, गुळगुळीत, माणसं बसली तर एकाला एक खेटून पाच मावतील अशी. हजारो गाड्यांत मी हे बघितलंय. मी पुढच्या सीटच्या पट्ट्यावरून लोकांना झोडपत राहिले आणि माझ्या भिंतीला भिंत लावून माझाच भाऊ मागची बक्कलं पुरत राहिला. एकदाही मी त्याला बोलले नाही. भाऊ ना.

"तुझ्या टिपेनं पोरीचा पाय गेला, सुकुमार," मी म्हटलं.

तो उठला, आत गेला आणि बाहेर आलाच नाही. त्या दिवशी दुकान तसंच उघडं राहिलं.

चौथ्या दिवशी खोतांकडची माणसं दवाखान्यात आली. म्हातारी पारूबाई, तिचा मुलगा आणि सून. साखरपुड्याला निघाले होते ते त्या दिवशी. त्यांना साधं खरचटलंही नव्हतं. म्हातारीने आल्या आल्या त्रिशलाच्या कपाळाला कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला, आणि तिच्या पायाशी, म्हणजे जो होता त्या पायाशी, डोकं टेकवलं.

"पोरी, तुझ्यामुळं आमी हाय बग. तू देवीच हाईस. सोताचा पाय दिलास."

त्रिशला अजून गुंगीत होती. तरी स्पष्ट बोलली. "आजी, मी दिला नाही. माझ्याकडून घेतला."

म्हातारीला ते कळलं नाही. तिच्या मुलाला कळलं असावं. त्याने खाली बघितलं आणि म्हणाला, "मागं पट्टे हायतच, हे आमाला ठावंच न्हवतं ओ, मॅडम. सापडलंच न्हाईत कदी."

त्याच्यावर मला चिडता येईना. ज्याच्यावर चिडावं असा माणूसच कुठे सापडत नव्हता. चुकणारी माणसं भोळी निघत होती आणि निर्णय घेणारं यंत्र हुशार. नारळ मात्र मी त्यांच्यासमोर उचलून टेबलाखाली ठेवला.

बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो. महिन्याभरात सगळ्या पंचक्रोशीला गणित पाठ झालं. पट्टा लावला, तर यंत्र धक्का तुमच्यावर ढकलतं. नाही लावला, तर यंत्र तुम्हाला जपतं. कायदा म्हणतो, पट्टा लावा नाहीतर दंड भरा. आणि त्याच सरकारचं यंत्र म्हणतं, ज्याने कायदा पाळला त्याची सहनमर्यादा मोठी आहे, त्याला सोसू द्या. लोकांनी दोन्हीकडचं ऐकून घेतलं आणि पट्टे सोडले. आजवर लोक खोटी बक्कलं अडकवून पट्टा लावल्याचं सोंग करायचे. आता नाक्यावर पोलीस दिसला की पट्टा ओढायचा आणि नाका ओलांडला की सोडून द्यायचा.

माझ्याकडे शिकायला आलेली एक मुलगी पहिल्याच दिवशी म्हणाली, "मॅडम, खरं सांगा हां. लावायचा का नाही?"

मी म्हटलं, "परीक्षेत लावायचा." ती हसली. मला माझीच लाज वाटली.

मी मंडळाला पत्रं लिहिली. सुगम मार्ग मंडळ, ज्यांनी ही तडजोड आणली ते. माझी मागणी एका वाक्याची होती. यंत्राने हिशेब करताना सगळ्यांनी पट्टा लावलाय असं धरूनच करावा, म्हणजे न लावणाऱ्याचं ओझं लावणाऱ्यावर पडणार नाही. तीन पत्रांनंतर उत्तर आलं, की तसं केल्यास मृत्यूंची संख्या वाढेल, सबब आपल्या भावनांचा आदर राखून विनंती अमान्य. भावना म्हणे. माझ्या लेकीचं पाऊल त्यांच्या कागदावर माझी भावना झालं होतं.

एप्रिलमध्ये त्रिशला घरी आली. कुबड्या घेऊन मैदानावर जायची, कडेला खुर्चीवर बसून शिट्टी मारायची. पोरी पळायच्या आणि ती खुर्चीचा दांडा आवळून धरायची. ते बघून मी घरी येऊन भांडी आपटायचे.

एके दिवशी सुकुमार घरी आला. दोन महिने त्याने आमच्या घराची पायरी चढली नव्हती. हातात काळ्या पट्ट्याची गुंडाळी होती.

"आक्का, ऐक की. मी एक केलंय." त्याने गुंडाळी सोडली. "हा पट्टा निराळा. गाडीच्या बक्कलात जात न्हाई, सीटच्या लोखंडालाच बांधलाय. चाळीस किलोमीटरनं वाळूच्या पोत्यावर बघितला, तुटत न्हाई. माणूस बांधलेला राहतोय, आणि यंत्राला वाटतंय पट्टा सोडलाय. दोन्हीकडनं सेफ. पहिला तुझ्या गाडीत, त्रिशलाच्या सीटला बसवतो."

खोटं कशाला सांगू, माझा जीव भांड्यात पडला. मी म्हटलं, "आजच बसव."

त्रिशला आतून कुबड्या टेकत आली. पट्टा हातात घेतला, शिलाई नीट बघितली. मामाचा हात चांगलाच आहे.

"मामा, हा लावून मी निघाले आणि समोरून पट्टा लावलेली एखादी पोरगी आली, तर?"

सुकुमारने चष्मा काढून पुसायला घेतला.

"मग तिचा पाय जाईल ना? माझा गेला तसा." तिने पट्टा गुंडाळून त्याच्या हातात परत दिला. "तुम्ही एवढंच करा, मागची बक्कलं उसवून वर काढा. जेवढी पुरलीत तेवढी."

दुसऱ्या दिवसापासून सुकुमारच्या दुकानावर पाटी लागली, 'जुन्या कव्हरमधली बक्कलं फुकट काढून मिळतील.' आठवड्यात दोन गाड्या आल्या. सपाट सीटच्या ऑर्डरी मात्र रांगेने येत होत्या, आणि तो त्या परत पाठवत होता.

त्यानंतर मंडळाचं पत्र आलं. त्रिशलाचा जाहीर सत्कार करायचा होता. सुरक्षा सप्ताहात, नगरपरिषदेच्या सभागृहात, शाल, श्रीफळ आणि मानचिन्ह. सोबत एक योजना होती. ज्यांच्यामुळे इतरांचे प्राण वाचले अशा 'सुरक्षा-सहयोगी' व्यक्तींना मंडळ संवेदी पाऊल बसवून देणार होतं. ते पाऊल म्हणजे साधा लाकडी-प्लॅस्टिकचा साचा नव्हे. पोटरीच्या नसांचे इशारे ओळखून ते घोटा वळवतं, टाचेखालची जमीन मऊ की कडक हे मांडीला कळवतं. ते बसवून लोक पळतात, उड्या मारतात. आम्हाला ते विकत घेणं या जन्मात जमलं नसतं. त्यासाठी फक्त एक सहयोग-पत्र भरायचं होतं. त्यातलं वाक्य असं, 'माझ्या गाडीने घेतलेला निर्णय मी स्वेच्छेने व आनंदाने मान्य करते.'

"मी सही करणार नाही," त्रिशला म्हणाली.

"अगं, सही म्हणजे काय, शाईच ती." मी तिच्यासमोर बसले. "पळता येईल तुला. मैदानावर उतरशील. त्या शब्दांचं काय एवढं?"

"आई, ते पत्र ते जपून ठेवणार. उद्या दुसऱ्या कुणाचा हात जाईल, त्याला दाखवणार. बघा, या बाईने आनंदाने दिला, तुम्ही कशाला रडताय?"

"दुसऱ्यांचा विचार करून करून पाय घालवलास."

हे मी बोलून गेले. बोलल्यावर जीभ तोडून टाकावीशी वाटली. ती उठून खोलीत गेली. आम्ही दोघी दोन दिवस एकमेकींशी बोललो नाही. पण सत्काराला जायला ती तयार झाली. मला वाटलं, मन वळलं असेल.

सभागृह भरलं होतं. आमदार होते, पोलीस होते, पारूबाई खोत नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती. मंडळाचे मुख्य शास्त्रज्ञ डॉ. श्रीरंग नाबर पुण्याहून आले होते. हळू आवाजात बोलणारा, सभ्य माणूस. त्यांनी आकडे सांगितले, आणि आकडे खरे होते. वाचलेली माणसं खरी होती, त्यातली एक समोरच बसली होती. मग त्यांनी त्रिशलाला शाल पांघरली, नारळ दिला. टाळ्या झाल्या. टेबलावर सहयोग-पत्र आणि पेन मांडलेलं होतं. फोटोवाले पुढे सरकले.

त्रिशलाने माइक मागितला.

"मी खो-खो शिकवते," ती म्हणाली. "पाटीवर बसलेली मुलगी आपण होऊन उठत नाही. मागून येणारी तिच्या पाठीला हात लावते, 'खो' म्हणते, मगच ती उठते आणि धावते. न सांगता ढकललं तर तो फाऊल. मला कुणी खो दिला नाही. मला ढकललं. त्या पाच जणांसाठी मला विचारलं असतं, तर मी कदाचित हो म्हटलं असतं. कदाचित नाही. ते आता कुणालाच कधी कळणार नाही, मलासुद्धा. ज्याला विचारलंच नाही त्याचा सत्कार करू नका."

तिने शाल काढली, नीट घडी घातली आणि सहयोग-पत्रावर ठेवली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. पारूबाई तेवढी पदराने डोळे पुसत होती, आणि या खेपेला तिला कळलं होतं असं मला वाटतं.

माझं काय झालं ते सांगते. अभिमान वाटला, आणि त्याच वेळी ते पत्र शालीखालून ओढून मीच सही करावी असं वाटलं. दोन्ही एकदमच.

पुढे जे झालं ते आमच्या रीतीमुळे. डॉ. नाबरांची गाडी आमदार घेऊन गेले होते आणि त्यांना मिरजेहून साडेपाचची पुण्याची गाडी गाठायची होती. सुकुमारला पाहुण्याचे हाल बघवेनात. काही विचार न करता बोलून गेला, "आमची आक्का सोडेल की." पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? मी गाडी काढली. शेजारी त्रिशला, मागे डॉ. नाबर.

गाडी सुरू केली तशी मागच्या पट्ट्याची घंटी वाजायला लागली. डॉ. नाबरांनी सवयीने बटण दाबून ती बंद केली.

"पट्टा लावा, डॉक्टर," मी म्हटलं.

"राहू द्या हो. पंधरा मिनिटांचाच तर रस्ता आहे."

अंकलीचा पूल ओलांडला. आरशात दिसत होतं, ते मांडीवरची फाइल उघडत होते.

"मगदूम मॅडम, तुमच्या मुलीचं बोलणं मी मनावर घेतलेलं नाही. त्या वयात माणूस असा असतो. पत्र माझ्याजवळ आहे. तुम्ही आई म्हणून सही केलीत तरी मी ते पाऊल मंजूर करून घेईन. मी स्वतः."

त्रिशला खिडकीबाहेर बघत होती.

"आधी पट्टा लावा," मी म्हटलं.

ते पुढे झुकले. आवाज आणखी खाली आणला, जणू माझ्यावर उपकार करत होते. "मॅडम, तुम्हाला आता गणित कळलंय. मी पट्टा न लावणं तुमच्याच हिताचं आहे. मी असा बसलोय तोवर या गाडीला कुणी हात लावणार नाही. तुमची मुलगी पुढे बसलीये. विचार करा."

म्हणजे या माणसाला सगळं ठाऊक होतं. जगाला पट्टा लावायला सांगणारा हा माणूस रोज असाच बसत असणार.

आणि तरी क्षणभर मला ते पटलं. होय, पटलं. लेक शेजारी बसलीये, फाइलमध्ये तिचा पाय आहे, आणि मागे एक बिनपट्ट्याचा माणूस बसलाय म्हणून गाडीवर जणू कवच आलंय. कुठल्या आईला हे नको वाटेल? मी गाडी तशीच पुढे नेली. दोन किलोमीटर नेली. ते दोन किलोमीटर मी कुणाला सांगितले नव्हते, आज लिहितेय.

समोरून एक छोटी निळी गाडी आली. चालवणारी ओळखीची निघाली, गावडे मास्तरांची सून. आठच दिवसांपूर्वी माझ्याकडून शिकून तिला लायसन्स मिळालं होतं. पाठ ताठ, दोन्ही हात स्टिअरिंगवर, पट्टा खांद्यावरून छातीवर नीट आलेला. सगळं गाव पट्टा सोडत असताना तिने तो लावला होता, कारण मी शिकवला होता. मला बघून तिने हसून एक हात वर केला, आणि लगेच परत स्टिअरिंगवर ठेवला.

आत्ता, या घटकेला, आमच्यात काही झालं असतं, तर यंत्राने तिला निवडलं असतं. माझ्या गाडीने तिला ओढून आणलं असतं.

मी साइडपट्टीवर गाडी घेतली आणि थांबवली.

"उतरा," मी म्हटलं.

"काय?"

"पट्टा लावत नाही तो माझ्या गाडीत बसत नाही. तेहतीस वर्षं हाच नियम आहे. उतरा."

"मॅडम, माझी गाडी चुकेल. आणि या फाइलचं..."

"फाइल घेऊन जा."

ते त्रिशलाकडे बघत राहिले. निदान ही तरी समजूतदारपणे काही बोलेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. त्रिशलाने हात मागे नेला आणि त्यांच्या बाजूचं दार आतून उघडून दिलं.

ते उतरले. एका हातात फाइल, दुसऱ्या हातात सत्काराचा गुच्छ, आणि उन्हात उभे राहून एखादी गाडी थांबतेय का ते बघायला लागले. पट्टा लावायचं त्यांच्या तेव्हाही मनात आलं नाही. मी गाडी सुरू केली, पुढच्या वळणावरून परत जयसिंगपूरकडे वळवली. आता गाडीत आम्ही दोघीच होतो, दोघींनी पट्टे लावलेले.

पुलाच्या अलीकडे समोरून एक जीप येताना दिसली. मागे चार-पाच जण खेटून बसले होते, हसत होते. त्रिशलाने जीपकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पट्टा हाताने चाचपून आणखी घट्ट ओढून घेतला.